तपासणीचा परकर

त्या टेबलावरून मी पळून आले होते, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून लोक मला धीट समजतात. मी धीट नव्हते.

आम्ही सुरतेत नवागामला राहतो. नवरा सचिन नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कारखान्यात लूम चालवतो आणि मी घरी परकर शिवते. मार्केटमधला शेठ टेम्पोने कापडाचे तागे पाठवतो. मी कापते, शिवते, नाडी ओवते, गठ्ठे बांधून ठेवते. लग्न होऊन जळगाव जिल्ह्यातून इथे आले तेव्हापासून हेच काम. बाई दारातून आत येईपर्यंत तिला किती घेर लागेल ते मला कळतं. घरात आम्ही चौघं: नवरा, मी, तेव्हा आठवीत असलेली मुलगी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते. साठी ओलांडलेली, नऊवारी लुगडं नेसणारी, चाळीस वर्षं सुरतेत काढूनही अहिराणीशिवाय दुसरं काही न बोलणारी बाई. भाजीवाल्याशीसुद्धा ती अहिराणीतच भांडते आणि भाव पाडून घेते.

एका उन्हाळ्यात आरोग्य केंद्रातली नर्स आमच्या गल्लीत दारोदार फिरत आली. नर्सबेन गुजराती, पन्नाशीची, पायात कापडी बूट. तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांनी गुरुवारी केंद्रात या, गर्भपिशवीचं तोंड तपासायचं आहे, असं ती सांगत होती. काही त्रास नसला तरी या, असंही म्हणाली. मला ते विचित्र वाटलं. त्रास नसताना दवाखान्यात कोण जातं? पण ती उन्हातून आलेली, आमच्या उंबऱ्यावर बसून दोन तांबे पाणी प्यायली, आणि मला नाही म्हणवेना. मी येते म्हटलं. आत्याबाईलाही तिने विचारलं. आत्याबाईने मान वर न करता सांगितलं, "माले काहीच नही व्हत. मी कसाले येऊ?"

गुरुवारी गल्लीतल्या आम्ही आठजणी गेलो. पहिला नंबर माझा लागला. खोलीत एक उंच टेबल, त्याला पाय ठेवायला दोन लोखंडी टेकू, आणि जमिनीपासून हातभर वरच संपणारा पडदा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. त्यांनी साडी वर घेऊन झोपायला सांगितलं. मी झोपले. साडी आणि परकर पोटावर गोळा झालेले, खाली पंख्याचा वारा लागत होता, आणि आपण सगळ्या जगासमोर उघड्या पडलोय असं वाटत होतं. तेवढ्यात दार वाजलं. कोणीतरी औषधाचा खोका ठेवायला आलं होतं. दार उघडलंही नाही, नर्सबेनने आतूनच त्याला परतवलं. पण मला तिथे राहवेना. मी उठले, साडी सोडली, चपला हातात घेतल्या आणि बाहेर पडले.

बाहेर बाकावर सातजणी बसल्या होत्या. त्यांनी माझा चेहरा पाहिला. मी काही बोलले असते, नुसतं हसले असते, तरी चाललं असतं. मी खाली मान घालून त्यांच्यासमोरून निघून गेले. अर्ध्या रस्त्यात मागे वळून बघते तर त्या सातही जणी माझ्यामागून येत होत्या. एकीनेही विचारलं नाही की आत काय झालं. माझ्याकडे बघून त्यांनी आपापलं समजून घेतलं होतं.

दोन दिवस मशीनवर बसले तरी पाय हलेना. माझी लाज माझ्यापुरती होती, ती मी गिळली असती. पण त्या सातजणींचं काय? त्यांना मी पळवून लावलं होतं.

तिसऱ्या दिवशी नर्सबेन आली. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ती कापडाच्या गठ्ठ्यावर बसली, बूट काढले, आणि म्हणाली की तुझ्याबरोबरच्या बायका परत आल्या नाहीत. मी त्यांच्या घरी गेले तर दार लोटून घेतात, असं ती सांगत होती. त्यांतली एक तर त्रास होता म्हणून आपणहून आली होती, तिची तपासणी व्हायलाच हवी होती. तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. त्यामुळे मला खरं बोलता आलं.

"बेन, मला टेबलाची भीती नव्हती," मी म्हटलं. "उघडं पडायची होती. अंगावर झाकायला काही असतं तर मी पळाले नसते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग खोलीभर रचलेल्या परकरांकडे पाहिलं.

"तो पछी बनावो ने," ती म्हणाली. तर मग बनवा ना.

एवढं बोलून तिने बूट घातले आणि ती पुढच्या गल्लीत निघून गेली. इतक्या वर्षांत हजारो परकर माझ्या हाताखालून गेले होते, पण त्यातला एकही कुठल्या बाईच्या अडचणीचा विचार करून शिवला नव्हता. शेठने माप दिलं, मी शिवलं. आता पहिल्यांदाच मी कापड समोर पसरून विचार करायला लागले.

बायका सार्वजनिक नळावर अंघोळ करतात तेव्हा परकर छातीपर्यंत ओढून बांधतात आणि आतल्या आत कपडे बदलतात. बाहेरच्याला काही दिसत नाही. मला तसंच हवं होतं. बाई जशी आली तशी, साडी नेसूनच, वरून मोठा परकर घालेल. तो कमरेला बांधेल आणि मग आतल्या आत आपली साडी आपल्या हाताने वर घेईल. दुसऱ्या कुणी तिच्या कपड्याला हात लावायचा नाही. झोपल्यावर परकराचा तंबू गुडघ्यांवर राहील, आणि डॉक्टरला लागेल तेवढीच फट समोर असेल.

पहिला परकर मी मार्केटच्या गुळगुळीत कापडाचा शिवला. तो घेऊन केंद्रात गेले. दुपारची वेळ होती, कोणी पेशंट नव्हतं. नर्सबेन आपल्या गणवेशावरच तो परकर चढवून टेबलावर झोपली आणि पाय टेकूवर ठेवले. कापड सरसर घसरून तिच्या पोटावर आलं. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मीही हसले. ज्या खोलीतून आठवड्यापूर्वी पळाले होते तिथेच मी हसत उभी होते.

दुसरा मी सुती पॉपलीनचा शिवला. तो घसरला नाही, पण पाय टेकूवर ठेवताच समोरची फट पूर्ण उघडी पडायला लागली. तिसऱ्याला फटीवर एकावर एक येणारे दोन पदर लावले, दाराच्या पडद्यासारखे. आता झाकलं जात होतं, पण तपासताना डॉक्टरीणबाईंच्या हातात ते पदर सारखे येत होते. त्यांनी सांगितलं की पदर बाजूला अडकवायला काहीतरी हवं, कापड उकळून धुता यायला हवं, आणि रंग गडद नको, कारण थेंबभर रक्त असलं तरी ते दिसलं पाहिजे. चौथा परकर मी फिक्या आकाशी पॉपलीनचा शिवला, घेर दीडपट, पदरांना आतून दोन बंद. नर्सबेन पुन्हा झोपली. डॉक्टरीणबाई टेबलाच्या डोक्याकडून बघून आल्या, दाराकडून बघून आल्या, आणि म्हणाल्या, "आता दार उघडं राहिलं तरी काही दिसणार नाही." तरीही त्यांनी पडदा बदलून घेतला. नवा पडदा जमिनीला टेकत होता. तोही मीच शिवला.

पुढच्या गुरुवारी तो परकर घालून सगळ्यात आधी मी झोपले. डॉक्टरीणबाई प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. आता थंड लागेल. आता थोडा दाब येईल, श्वास सोडा. मग त्यांनी कापसाच्या बोळ्याने आत व्हिनेगरसारखं काहीतरी लावलं आणि मिनिटभर थांबल्या. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी करायची, नाही उठला तर काही वर्षांनी परत यायचं, असं त्यांनी समजावलं. थोडी आग झाली, तोंड आलेल्या जागी लिंबू लागावं तशी. माझ्या आत डाग उठला नाही. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. याच्यासाठी मी चपला हातात घेऊन पळाले होते.

मी परकर घेऊन सात दारं फिरले. प्रत्येकीला आधी मी कशी पळाले ते सांगितलं, मग काय काय होतं ते क्रमाने सांगितलं, थंड लागतं तेसुद्धा. मग परकर तिच्या हातात दिला. बायकांनी तो उलटा केला, सुलटा केला, बंद ओढून पाहिले, शिवण तपासली. सातातल्या पाचजणी आल्या. उरलेल्या दोघी त्यांच्यानंतरच्या आठवड्यात आल्या. जी आपणहून आली होती तिला डाग निघाला. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. कॅन्सर झालेला नव्हता, पण तिकडे वाटचाल सुरू होती. तिथे त्यांनी तेवढा भाग उपचार करून नाहीसा केला आणि ती संध्याकाळी रिक्षाने घरी आली. आठवडाभर तिने सगळ्या गल्लीला ते सांगितलं. माझ्या सांगण्यापेक्षा तिचं सांगणं जास्त चाललं. मी रिकाम्या वेळात परकर शिवत राहिले, आणि केंद्राच्या गच्चीवर दर गुरुवारी संध्याकाळी आकाशी परकरांची रांग वाळायला लागली.

घरात मात्र आत्याबाई या सगळ्यापासून लांबच होती. मी जायला निघाले की ती म्हणे, जा, तुम्हाला कामं नाहीत. परकर शिवताना मात्र ती माझ्या मशीनजवळ येऊन बसायची आणि नाड्या ओवून द्यायची.

नर्सबेनने आम्हाला एक पत्रक दिलं होतं, गुजरातीत छापलेलं. माझं शिक्षण मराठी शाळेत दहावीपर्यंत, मला गुजराती बोलता येतं पण वाचताना अडखळायला होतं. मुलगी गुजराती शाळेत. एका संध्याकाळी मी तिला ते वाचायला सांगितलं. आत्याबाई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. मुलगी एक वाक्य गुजरातीत वाचायची आणि आजीसाठी आपल्या मोडक्यातोडक्या अहिराणीत सांगायची. हा आजार एका विषाणूमुळे होतो. तो हळूहळू वाढतो, कॅन्सर व्हायला कितीतरी वर्षं घेतो, म्हणून वेळेत पकडता येतो. मग ती लक्षणांकडे आली. अंगावरून घाण वासाचं पाणी जाणं. नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त जाणं. हे तिने आजीला न सांगता भरभर पुढे वाचलं. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं.

आत्याबाईचा हात ताटात थांबला. मी पाहिलं, पण तेव्हा मला काही कळलं नाही. वाटलं, खडा सापडला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा कामावर आणि मुलगी शाळेत गेल्यावर ती माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. लुगड्याच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"मना मापना एक शिव, पोरी," ती म्हणाली.

माझं मशीन थांबलं. मी तिला खाली बसवलं. हळूहळू तिने सांगितलं. चार महिन्यांपासून मधूनमधून डाग पडत होते. ती स्वतःच धडपे धुवायची, गच्चीवर कोपऱ्यात वाळत घालायची. पाळी जाऊन बारा वर्षं झालेली. उष्णतेने होत असेल म्हणून धण्याचं पाणी पीत होती. मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं नाही. मीही तिला कुठे काय सांगत होते? मी तिचं माप घेतलं. कमरेभोवती टेप फिरवताना लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी तिच्यासाठी काही शिवलंच नव्हतं. ती परकर घालतच नव्हती, तिला नऊवारीत त्याची गरज नव्हती. कासोटा सोडल्यावरही तिला मोकळेपणाने बसता यावं म्हणून मी तिच्या परकराला आणखी घेर ठेवला आणि नाडीऐवजी रुंद पट्टा लावला.

गुरुवारपर्यंत थांबलो नाही. त्याच दुपारी गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन मला सरळ सांगितलं की इथे वेळ घालवायचा नाही, शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जा, तुकडा काढून तपासावा लागेल. चिठ्ठी लिहून दिली, तिथल्या डॉक्टरांना फोनही केला.

नवऱ्याला संध्याकाळी मी सांगितलं. तो आपल्या आईबद्दल असलं काही ऐकायला तयार नव्हता. पोटाचं काही असेल म्हणाला. मी म्हटलं, पोटाचं नाही. गर्भपिशवीच्या तोंडाचं आहे. तुम्ही जिथून जन्मलात तिथलं. हे शब्द मी त्याच्यासमोर पहिल्यांदाच उच्चारले. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने कसली तपासणी विचारलं, तेव्हा माझ्याआधी त्यानेच उत्तर दिलं, मोठ्याने, एकही शब्द न गाळता.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागले. कॅन्सर होता. पण डॉक्टर म्हणाले की अगदी सुरुवातीचा आहे, पिशवीच्या तोंडापुरता, कुठे पसरलेला नाही. ऑपरेशन करून निघेल. आणखी वर्षभर अंगावर काढलं असतं तर माझं बोलणं वेगळं असतं, असंही ते म्हणाले. मी ते आत्याबाईला सगळंच्या सगळं सांगितलं. लपवायचं नाही, असं आम्ही दोघींनी त्या मशीनसमोर न बोलता ठरवूनच टाकलं होतं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की ऑपरेशनला आपला परकर नेता येईल का. नाही म्हटल्यावर ती पहिल्यांदा रडली. मग ऑपरेशनच्या दिवशी सकाळी दवाखान्याचा हिरवा झगा बघून म्हणाली, याची शिवण काही बरोबर नाही.

ऑपरेशन नीट झालं. काढलेला भाग पुन्हा तपासला, कडा स्वच्छ आल्या, किरणं द्यावी लागली नाहीत. दीड महिना तिला आम्ही बादली उचलू दिली नाही. त्याचा तिला फार राग आला. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो, सगळं चांगलं. सहा महिन्यांनी, सगळं चांगलं. वर्षाची तपासणी झाली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आजी, एकदम साफ. बाहेर पडल्यावर तिने रिक्षावाल्याला घराच्या अलीकडेच थांबवलं आणि आम्हा सगळ्यांना हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला लोचो खायला बसवलं. स्वतः दोन प्लेट खाल्ल्या, वरून तेल आणि शेव मागून घेतली. नवरा तिच्याकडे बघत बसला होता, त्याचा लोचो गार झाला. "खाय ना," ती त्याला म्हणाली, "मी काय पळी जात नही."

मुलीला लस देऊन आणायचं कामही तिनेच अंगावर घेतलं. मुलींना आधीच लस दिली तर त्या विषाणूपासून बरंचसं संरक्षण मिळतं, आणि तिशीनंतर तपासणी तरीही करायचीच, हे नर्सबेनने समजावलं होतं. मुलगी सुईला घाबरत होती. आजी तिला म्हणाली, माझ्या पोटाचा टाका बघितलास ना? मुलीने मुकाट्याने दंड पुढे केला.

आता मागच्या हिवाळ्यातलं सांगते. नर्सबेनच्या ओळखीची एक नर्स चलथाणकडे काम करते. तिथे साखर कारखान्याच्या ऊसतोडीला नंदुरबार-धुळ्याकडच्या बायका येतात, पालं टाकून राहतात. त्यांच्यासाठी तपासणी ठेवली होती, पण त्या येईनात. तिने परकर मागितले. मी गठ्ठा बांधला तर आत्याबाई लुगडं बदलून दारात तयार.

पालांजवळच्या शाळेच्या खोलीत टेबल लावलं होतं. बायका लांबच उभ्या, कोयते हातात, तोंडावर पदर. गुजराती नर्स बोलत होती, त्या ऐकत नव्हत्या. आत्याबाईने गठ्ठ्यातून एक परकर ओढला, सगळ्यांसमोर आपल्या लुगड्यावर चढवला, पट्टा बांधला, आणि मैदानातल्या खाटेवर चक्क झोपली. गुडघे वर केले.

"दखा," ती म्हणाली, "काही दिखस का?"

बायका थोड्या जवळ आल्या. एक म्हातारी खाली वाकून बघायला लागली, तशा बाकीच्या हसल्या. आत्याबाई झोपल्याझोपल्याच बोलत राहिली: चार महिने डाग लपवले ते, धण्याचं पाणी प्यायली ते, ऑपरेशन, लोचो, सगळं, आपल्या बोलीत, आपल्या मुलखातल्या बायकांना. माझं तिथे काही कामच उरलं नव्हतं. ती म्हातारीच आधी पुढे झाली. तिच्या मागे दोन सुना, मग बाकीच्या. बघता बघता शाळेच्या पायरीपासून बैलगाड्यांपर्यंत रांग लागली.

दुपारपर्यंत परकर संपले. मग आम्ही शाळेच्या मागे तीन विटांवर मोठं पातेलं चढवलं, खाली उसाचं वाळलेलं पाचट घातलं आणि वापरलेले परकर उकळायला टाकले. मी काठीने ते ढवळत होते. डोळ्यांत धूर जात होता, हात भाजत होते. आणि आतून आत्याबाईचा आवाज येत होता, पुढच्या बाईला बोलावणारा, भाजीवाल्याशी भांडताना लागतो तेवढाच मोठा.